लखोबाला वेडा ठरवू नका

एम.ए.च्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सोडून बसलो की एक शब्द हमखास भेटतो : 'विकृत'. अपराधकथेतील मुख्य व्यक्तिरेखेचे विश्लेषण करा, असा प्रश्न असावा आणि उत्तरात हा शब्द नसावा, असे आमच्या अनुभवास क्वचितच आले आहे. 'सदर पात्र खोटारडे, अस्थिर व विकृत मनोवृत्तीचे आहे' या वाक्याने उत्तराचा प्रारंभ होतो, मग पुराव्यादाखल कथानकातले चार प्रसंग येतात, आणि 'अशा रीतीने लेखकाने विकृत मनाचे प्रभावी चित्रण केले आहे' असे म्हणून उत्तर संपते. पात्र एडगर ॲलन पोचे असो की आचार्य अत्र्यांचे. नाव बदलते, निदान तेच राहते.

या उत्तरांना आम्ही वर्षानुवर्षे गुण देत आलो. न देऊन सांगतो कोणाला? टिपणे आमचीच होती. मार्गदर्शिकांना दोष देणे सोपे, विद्यार्थ्यांना देणे त्याहून सोपे. परंतु फळ्याशी उभे राहून हा शब्द आम्हीच प्रथम उच्चारला होता. तेव्हा हे लेखन इतर कोणाविरुद्ध असण्याआधी आमच्या स्वतःविरुद्ध आहे, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : लबाड आणि अस्थिर पात्राला 'विकृत' म्हणणे हे त्याचे विश्लेषण नव्हे, ते विश्लेषण टाळणे होय. खोटे ही एकट्याने करावयाची गोष्ट नाही. चोरी एकट्याला करता येते, खूनही करता येतो. खोटे बोलण्यास मात्र ऐकणारा लागतो, आणि ते टिकण्यास विश्वास ठेवणारा लागतो. म्हणून असे पात्र वाचताना 'याला झाले आहे तरी काय?' हा प्रश्न दुय्यम ठरतो. 'हा हे कोणाला सांगतो आहे, आणि ऐकणारा विश्वास का ठेवतो आहे?' हा खरा प्रश्न. आपली वर्गातली समीक्षा पहिल्याशीच थांबते, कारण दुसऱ्याचे उत्तर देऊ गेल्यास ऐकणाऱ्यांच्या यादीत आपलेही नाव घालावे लागते.

दोन संहिता समोर ठेवू. पहिली पोची 'द टेल-टेल हार्ट' ही लघुकथा. ती १८४३ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाली. अवघ्या काही पानांची ही कथा जगभरच्या अभ्यासक्रमांत 'अविश्वसनीय निवेदका'चा नमुना म्हणून शिकवली जाते. ही संज्ञा रूढ केली वेन बूथ यांनी, १९६१ साली. म्हणजे कथेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी. कथेचा निवेदक एका वृद्धासोबत राहतो. त्या वृद्धाचा गिधाडासारखा एक डोळा त्याला सहन होत नाही. सात रात्री तो दार किलकिले करून पाहतो, आठव्या रात्री खून करतो, प्रेत जमिनीच्या फळ्यांखाली दडवतो, चौकशीस आलेल्या पोलिसांना त्याच खोलीत बसवून घेतो आणि अखेर त्या फळ्यांखालून हृदयाचे ठोके ऐकू येऊ लागल्याने आपणहून सारे कबूल करतो.

आमच्या टिपणांत या निवेदकाविषयी 'तो वेडा आहे, म्हणून त्याच्या निवेदनावर विश्वास ठेवता येत नाही' असे वाक्य होते. आता वाटते, कथा त्या वाक्याच्या नेमकी पुढून सुरू होते. हा मनुष्य खून नाकारीतच नाही. खुनाची कबुली तो पहिल्यापासून देऊन बसला आहे. त्याला नाकारायचे आहे ते वेड. आपण किती सावधपणे, किती बेताने, किती शांतपणे सर्व पार पाडले, हे तो कोणा अनाम श्रोत्यास पुनःपुन्हा पटवू पाहतो. कोणाला? न्यायाधीशाला? वैद्याला? तुरुंगातल्या सोबत्याला? पो ते सांगत नाही. ती रिकामी जागा वाचकाने भरावयाची आहे, आणि वाचक तेथे जाऊन बसला रे बसला की त्याच्या हाती निवाडा येतो. आपण 'वेडा' म्हणतो, तेव्हा त्या खुर्चीवरून उठण्याची घाई आपल्याला झालेली असते.

शिवाय, या निवेदकाची लबाडी आणि त्याची अस्थिरता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. वृद्धाशी त्या आठवड्यात तो नेहमीपेक्षा प्रेमाने वागतो. सकाळी खोलीत जाऊन रात्र कशी गेली याची आपुलकीने चौकशी करतो. ही लबाडी, आणि ती पुरती शुद्धीवर असलेल्या माणसाची आहे. याउलट, ठोके ऐकू येतात ते त्याला खरोखर ऐकू येतात. तेथे तो कोणाला फसवीत नाही. जेथे तो भ्रमात आहे तेथे तो प्रामाणिक आहे, आणि जेथे लबाड आहे तेथे शहाणा आहे. 'खोटारडे, अस्थिर व विकृत' हे तीन शब्द एका ओळीत लिहून आपण हा भेद पुसून टाकतो. कथेचा सारा ताण ज्या भेदावर उभा आहे, तोच.

गंमत अशी की हा भेद साहित्याच्या अध्यापकांपेक्षा कायद्याने अधिक जपला आहे. पोची कथा प्रसिद्ध झाली त्याच महिन्यात लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटन याने पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या खाजगी सचिवावर, तोच पील असे समजून, गोळी झाडली. भ्रमिष्टपणाच्या आधारे तो निर्दोष ठरला, गदारोळ उठला, आणि त्यातून वेडेपणाच्या बचावाचे प्रसिद्ध नियम जन्मास आले. १८६० च्या भारतीय दंडसंहितेचे कलम ८४ त्याच विचाराचे. आज ते भारतीय न्याय संहितेत कलम २२ म्हणून वावरते. हे कलम आरोपी 'विकृत' आहे काय असे विचारीत नाही. कृत्याच्या वेळी त्या कृत्याचे स्वरूप, किंवा ते गैर वा कायद्याविरुद्ध आहे हे, मनाच्या विकलतेमुळे त्याला कळणे अशक्य होते काय, एवढेच विचारते. नेमक्या क्षणाविषयीचा नेमका प्रश्न. आपल्या प्रश्नपत्रिकांत इतका नेमकेपणा असता तर!

आता दुसरी संहिता, आपल्या घरची. आचार्य अत्र्यांचे 'तो मी नव्हेच' १९६२ साली मो. ग. रांगणेकरांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. माधव काझी याच्या गाजलेल्या खटल्यावर ते बेतलेले होते. फिरत्या रंगमंचावर न्यायालय आणि पूर्वघटना आलटून पालटून येत, आणि प्रभाकर पणशीकर पाच रूपे वठवीत : लखोबा लोखंडे, दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, दाजीशास्त्री दातार आणि राधेश्याम महाराज. ही लघुकथा नव्हे, आणि नाटकात निवेदक नसतो, ही तांत्रिक हरकत आम्हांस ठाऊक आहे. परंतु आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहून जो स्वतःविषयी सांगतो, साक्षीदारांना उलट प्रश्न विचारतो आणि प्रत्येक साक्षीची नवी हकीकत करून दाखवतो, त्याला निवेदक नाही म्हणायचे तर कोणाला म्हणायचे? लबाड निवेदकाचा मराठीतला सर्वांत लोकप्रिय अवतार लखोबा हाच आहे.

त्याच्याविषयीही उत्तरपत्रिका 'विकृत'च म्हणतात. कोणी 'दुभंग व्यक्तिमत्त्व' म्हणते. पाच नावे, पाच पेहराव. तेव्हा व्यक्तिमत्त्व दुभंगलेले असणारच, असा हा हिशेब. वस्तुतः लखोबाइतका अभंग माणूस मराठी रंगभूमीवर विरळा. कोणत्या घरात कोणते नाव घालून जावे, हे त्याला पक्के ठाऊक आहे. अस्थिर आहे ते त्याचे नाव, मन नव्हे.

आणि ती नावे तरी पाहा. दातार, परांजपे. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात ही आडनावे ऐकली की मूळ गाव कोणते, गोत्र कोणते, अमक्यांचे तुम्ही कोण, ही चौकशी आपोआप सुरू होते. आणि दोन उत्तरे जुळली की परका घरचा होतो. 'कॅप्टन' या शब्दात गणवेश आहे, पगार आहे, देशभक्ती आहे. 'शास्त्री' या शब्दात विद्वत्ता आहे. 'महाराज' या शब्दात तर प्रश्न विचारण्याचीच मनाई आहे. लखोबाने यांतले काहीही निर्माण केलेले नाही. जात, हुद्दा, विद्या आणि अध्यात्म यांच्या ज्या चलनावर वधूपक्ष विश्वास ठेवतो, त्याच्या बनावट नोटा त्याने छापल्या, इतकेच. बनावट नोट चालते, कारण खऱ्या नोटेकडेही कोणी उजेडात धरून पाहत नाही.

पाचवे नाव सर्वांत बोलके. न्यायालयात तो आसरा घेतो तो लखोबा लोखंडे या नावाचा. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी, सीमाभागातल्या बोलीत बोलणारा, वरकरणी भोळा. फसवताना वरची पायरी आणि सुटताना खालची, हे त्याचे तंत्र. ज्याला नीट 'शुद्ध' बोलता येत नाही तो एवढे कपट कसे रचील, हा सुशिक्षितांचा समज त्याने अचूक हेरलेला आहे. बोली म्हणजे अडाणीपणा आणि अडाणीपणा म्हणजे निष्पापपणा, हे समीकरण लखोबाचे नाही, प्रेक्षागृहाचे आहे. आणि १९६२ चे प्रेक्षागृह! महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षे झालेली, निपाणी सीमेपलीकडे राहिलेली, आणि नाटककार कोण, तर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले अत्रे. निपाणीच्या मराठी माणसाला पिंजऱ्यात पाहून त्या प्रेक्षकांच्या मनात कोठेतरी माया दाटली नसेल, असे आम्हांस वाटत नाही.

आता हे सर्व 'विकृत' या एका शब्दाने कसे नाहीसे होते ते पाहा. लखोबा विकृत ठरला की आडनावाची चौकशी निर्दोष ठरते, हुंड्यापुढे झुकलेली मान निर्दोष ठरते, महाराजांच्या पायावर ठेवलेले डोके निर्दोष ठरते आणि बोलीला हसणारे आम्ही तर निर्दोष ठरतोच. दोष एका मेंदूत कोंडला की घर स्वच्छ! कायदा येथेही आपल्यापुढे आहे. ओळख लपवून लग्न करण्याकडे तो आजार म्हणून पाहत नाही. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ मध्ये फसवणुकीच्या मार्गांत त्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

ऐकणाऱ्याविषयी आम्ही इतके आग्रहाने बोलतो, याला आमच्या गावाजवळचे एक कारण आहे. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले. पुढे काही वर्षांनी 'मीच भाऊ' म्हणणारा एक मनुष्य निघाला. इतिहास त्याला तोतया म्हणतो. तो रत्नागिरीत कैदेत होता. १७७६ च्या सुमारास तेथल्याच अंमलदाराच्या पाठबळाने तो सुटला, हजारोंची फौज जमली, कोकणातले किल्ले त्याच्याकडे गेले; अखेर तो पकडला गेला आणि त्याच वर्षी त्याला देहान्त शिक्षा झाली. तो मनुष्य लबाड होता की भ्रमिष्ट, यावर वाद घालता येईल. पण एक मनुष्य भ्रमिष्ट असल्याने हजारो लोक शस्त्रे घेऊन उभे राहत नाहीत. पानिपताचे दुःख पंधरा वर्षे उरात घेऊन बसलेल्या माणसांना भाऊ जिवंत हवा होता. काहींना पुण्यातल्या कारभाऱ्यांविरुद्ध एक नाव हवे होते. तोतया त्यांच्या इच्छेतून उभा राहिला. त्याच्या मनाचे निदान आज कोणी केले तरी त्या बंडाचा अर्थ लागणार नाही. ऐकणाऱ्यांचा इतिहास वाचला तर लागेल.

एक आक्षेप अपेक्षित आहे. मानसशास्त्रीय समीक्षेला तुम्ही हद्दपार करू पाहता काय, असे विचारले जाईल. मुळीच नाही. मनाचे व्यापार शब्दांत कसे उमटतात, हे पाहणारी समीक्षा आम्हांला हवी आहे. पोच्या निवेदकाची धाप लागल्यासारखी वाक्ये, एकच शब्द पुनःपुन्हा उच्चारण्याची त्याची सवय, शांत असल्याचे सांगताना चढत जाणारा त्याचा आवाज, हे सारे मानसशास्त्रीय वाचनाचेच विषय आहेत. आमचा विरोध वाचनाला नाही. वाचनाऐवजी चिकटवलेल्या चिठ्ठीला आहे. संहिता न उघडता जे निदान देता येते, त्याला समीक्षा म्हणू नये. औषधाच्या दुकानातही चिठ्ठी पाहिल्याशिवाय गोळी देऊ नये असा नियम आहे.

दुसरा आक्षेप रसिकांचा. लखोबा हे मनोरंजन आहे, त्यात समाजाला कशाला ओढता? यावर आमचे उत्तर त्या मनोरंजनातच आहे. बाबूराव अर्नाळकरांपासून चालत आलेल्या आपल्या रहस्यकथेत प्रश्न असतो 'कोण?', आणि मुखवटा उतरला की वाचक सुटतो. 'तो मी नव्हेच'मध्ये मुखवट्यामागे कोण, हे प्रेक्षकाला आधीपासून माहीत आहे. तरीही तो हसतो, टाळ्या देतो, लखोबाने साक्षीदाराला गुंडाळले की खूष होतो. समोर फसलेल्या स्त्रिया उभ्या असतात, आणि टाळी फसवणाऱ्याला पडते. पणशीकरांनी आपल्या आत्मचरित्राला 'तोच मी' हे नाव दिले. नटाने मोठ्या मनाने दिलेली ही कबुली आम्हां प्रेक्षकांच्या तोंडून अद्याप निघायची आहे.

येथवर साहित्याचे झाले. पण ज्या प्रसंगामुळे आम्ही लिहावयास बसलो तो वर्गातला आहे.

आम्ही मिरजोळ्यात राहतो. येथून थोड्या अंतरावर रत्नागिरी शहरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या जुन्या चार मनोरुग्णालयांपैकी ते एक. त्या चार गावांची नावे लोक चेष्टेत कशी वापरतात, हे मराठी माणसास सांगावयास नको. एकदा पोची कथा शिकवताना, अस्थिर मनाचा माणूस खोटे बोलतोच, अशा अर्थाचे काहीतरी आमच्यापैकी एकाच्या तोंडून गेले. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी थांबली. आवाज न चढवता म्हणाली, "सर, माझी मावशी तिथे होती. तिला खोटं बोलताच येत नाही. खोटं आम्ही बोलायचो. मावशी कुठे असते म्हणून कोणी विचारलं, तर मुंबईला असते म्हणून सांगायचो."

या चार वाक्यांपुढे आमच्या टिपणांचा टिकाव लागला नाही. अस्थिर कोण होते आणि लबाड कोण, हे त्या मुलीने एका दमात वेगळे करून दाखवले होते. घराने खोटे का बोलावे? कारण विचारणारे शेजारी होते, जुळवायची लग्ने होती, राखायची अब्रू होती. लखोबाने ज्या बाजारात बनावट नोटा खपवल्या, त्याच बाजाराच्या धाकाने हे घर आपले माणूस लपवीत होते. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीस इतरांच्या बरोबरीने सन्मानाने वागवावे, असे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. तो अमलात आणण्यासाठी डॉक्टर लागतात, खाटा लागतात, पैसा लागतो. मराठीच्या वर्गात मात्र त्यासाठी काहीही लागत नाही. एक शब्द विचार करून वापरावा लागतो.

म्हणून आम्ही आमच्यापुरता प्रश्न बदलला आहे. 'मुख्य पात्राची विकृती स्पष्ट करा' असे आम्ही आता विचारीत नाही. आम्ही विचारतो : हे पात्र कोणाशी बोलत आहे? काय कबूल करते आणि काय नाकारते? नाकारताना कोणती भाषा, कोणते नाव, कोणता पेहराव वापरते? ते भ्रमात कोठे आहे आणि लबाडी कोठे करते? त्याच्यावर कोण विश्वास ठेवतो, आणि त्या विश्वासातून त्याला काय मिळते? आणि शेवटी, वाचताना तुम्ही कोणाच्या बाजूला होता?

पहिल्या वर्षी उत्तरे आखूड आली. तयार टिपणे निरुपयोगी झाल्याने काही पाने कोरी राहिली. शेवटच्या प्रश्नावर एकाने लिहिले होते की लखोबाच्या बाजूला होतो, आणि वकिलाने त्याला पेचात पकडले तेव्हा वाईट वाटले; असे का वाटले ते मला सांगता येत नाही. त्या उत्तरात 'विकृत' हा शब्द नव्हता. व्याकरणाच्या चुका होत्या. आम्ही दोघांनी ते उत्तर आळीपाळीने दोनदा वाचले आणि पूर्ण गुण दिले.